टाचेतलं रक्त

चहा आणायला मी खाली गेले, तेवढ्या वेळात आमच्या विहीणबाई माझ्या दोन दिवसांच्या नातवाला घेऊन बीसीजीच्या रांगेत उभ्या राहिल्या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बीसीजी सगळ्याच बाळांना देतात. क्षयाची लस ती. तुमच्याही डाव्या दंडावर तिचा वण असेल, बघा बाही वर करून. बरोबर आहे तुमचं. सगळ्यांना द्या, खुशाल द्या. पण माझ्या नातवाला आज नाही, हे मी त्या प्रसूतिगृहात झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टर मॅडमपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माझा आवाज तसा लपणारा नाही. सगळी नोकरी माझी कोथरूड डेपोच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली. मागच्या दारात लटकणाऱ्याला पुढच्या दारातून ऐकू गेलं पाहिजे, असा आवाज तिथे कमवावा लागतो.

आज का नाही, ते सांगते. श्रद्धा माझी सून. तिचं हे दुसरं बाळंतपण. पहिला मल्हार. जन्मला तेव्हा असा गुटगुटीत, की शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याला कुणी खाली ठेवतच नव्हतं. दुसऱ्या महिन्यात तोंडात पांढरं धरलं, ते जाईना. जुलाब थांबले की खोकला, खोकला थांबला की जुलाब. बीसीजीची जागा सगळ्यांचीच पिकते आणि बरी होते. ह्याची चिघळत गेली, काखेत गाठ आली. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, आईचं दूध अंगी लागत नाही. एक चुलतसासूबाई तर श्रद्धाच्या पायगुणापर्यंत पोचल्या. त्यांना मी जिना दाखवला, एवढंच सांगते.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्या बाळाच्या रक्तात रोगाशी लढणारं सैन्यच नाही. जन्मापासूनच नाही. आपल्याला साधी सर्दी होते, ह्याला तीच जिवावर येते. आणि बीसीजीच्या लशीत जिवंत जंतू असतात, कमजोर केलेले. तुमच्याआमच्या अंगात ते गुमान बसतात. ह्याच्या अंगात त्यांना अडवायला कुणी नव्हतंच.

"आधी कळलं असतं तर?" माझ्या मुलाने, शुभंकरने विचारलं.

"जन्मताच कळलं असतं, तर लस थांबवली असती, बाळाला जपून ठेवलं असतं आणि पहिल्या काही महिन्यांतच बोन मॅरो बदलला असता. अशी बरीच मुलं जगतात." डॉक्टर हे बोलताना शुभंकरकडे बघत नव्हते.

मल्हार पाच महिन्यांचा झाला आणि गेला. आणि कुणाचंच काही चुकलं नव्हतं. लस देणाऱ्या सिस्टरचं नाही, डॉक्टरांचं नाही, श्रद्धाचं तर नाहीच नाही. कुणाला शिव्या द्याव्यात तर समोर माणूसच नाही, ह्याचा मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. निघताना डॉक्टर म्हणाले होते, पुढचं मूल झालं तर आधी रक्त तपासा, तोवर बीसीजी नाही आणि पोलिओचे थेंबही नाहीत. ते मी मनावर कोरून घेतलं.

आणि ह्या वर्षी तीच तपासणी आमच्या भागातल्या पालिकेच्या प्रसूतिगृहात सुरू झाली. प्रयोग म्हणून हं, कायमची नाही. बाळाच्या टाचेला बारीक टोचायचं, रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यासाठी मिसबा नावाची एक तरतरीत सिस्टर नेमलेली. बिचारी रोज ट्रे घेऊन खाटेखाटेशी जायची आणि रिकामा ट्रे घेऊन परत यायची. आईची परवानगी लागते, आणि आई म्हणजे आई, सासू, मावशी, आणि फोनवर नवरा. पाचवी पुजायच्या आत बाळाचं रक्त काढायचं नाही म्हणे! दंडात सुई चालते, टाचेत चालत नाही.

दुसऱ्याला काय हसू? आमच्याही बाळाचं रक्त अजून दिलेलं नव्हतं. श्रद्धाच नको म्हणत होती.

तर तो बुधवार. बीसीजीची कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून तिथे दोन-चार बाळांसाठी कुपी फोडत नाहीत. बाळं साठू देतात आणि बुधवारी सगळ्यांना एकदम रांगेत घेतात. वॉर्डात आवाज देतात, "चला, बीसीजीवाले!" की सगळ्या आज्या बाळं छातीशी धरून निघतात.

आमच्या विहीणबाई मूळच्या वाशीमकडच्या. भोसरीत येऊन त्यांची हयात गेली, ती रांगेत. पाण्याची रांग, रेशनची रांग, रॉकेलची रांग. रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची आहे ते नंतर विचारायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी चहाचा थर्मास घेऊन वर आले तर पाळणा रिकामा. श्रद्धाला डोळा लागलेला. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "आजी घेऊन गेल्या ना सुईला."

थर्मास कुठे टाकला ते मला आजही सांगता यायचं नाही. गुडघेदुखी वगैरे सगळं विसरून मी धावले. विहीणबाई टेबलापाशी पोचल्या होत्या. माझ्या नातवाचा डावा दंड उघडा होता आणि इनचार्ज सिस्टर कापसाने तो पुसत होत्या.

"हात बाजूला!" मी अशी ओरडले की रांगेतली सगळी बाळं एका सुरात रडायला लागली.

सिस्टरचा हात जागीच थांबला. मी बाळ विहीणबाईंच्या हातातून काढून घेतलं.

"अहो, हे काय चाललंय? सुई भरलीय मी!" सिस्टर म्हणाल्या.

"मग मागच्या बाळाला द्या. ह्याला नाही."

"आजी, तुम्ही सांगितलं होतंत, पण दोन मिनिटांचं काम आहे. बीसीजी न देता डिस्चार्ज दिला की वरून मलाच विचारतात."

"वरून विचारलं की माझं नाव सांगा. आणि त्यांना म्हणावं, ह्याचा भाऊ सहा महिनेसुद्धा जगला नाही, तो का ते आधी मला येऊन विचारा."

विहीणबाई रडकुंडीला आल्या. "मले माहीत होतं वो, आज द्याची नाही म्हणून. पण सारे उभे राह्यले, म्या बी उभी राह्यली. नंबर जाईन म्हनलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. एरवी त्यांना दोन शब्द सुनावले असते, पण त्या स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागल्या, तेव्हा मीच त्यांना बाकावर बसवलं.

डॉक्टर मॅडम आरडाओरडा ऐकून आल्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि इनचार्ज सिस्टरना म्हणाल्या, "घरात आधीचं मूल असं गेलेलं असेल तर थांबायचंच असतं. ह्या बाळाला लस नाही, पोलिओचे थेंबही नाहीत." मग माझ्याकडे वळल्या. "पण आजी, नुसतं थांबून काय होणार? तपासायला नको? तुमच्या सुनेला हो म्हणायला सांगा. मी तिला काल सांगून थकले."

मॅडमचं खरं होतं, आणि खरं असलं की मला जास्त राग येतो. रांगेतल्या एका पोरसवदा आईने भीत भीत विचारलं, "आजी, ही लस वाईट असते का?"

"अजिबात नाही गं. सोन्यासारखी लस आहे. दे तुझ्या बाळाला. फक्त सैन्य आहे की नाही ते बघून घ्यावं, एवढंच. त्या मिसबाचा ट्रे कशाला रिकामा पाठवता? चार थेंब रक्त ते! आपल्या ओट्या भरायला साड्या निवडतो तेवढासुद्धा वेळ लागत नाही."

असं म्हणून मी तरातरा वॉर्डात गेले. श्रद्धा जागी झाली होती. गोंगाटाने तिला सगळं कळलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, माझ्या मागे लागू नका," ती म्हणाली.

"लागणार."

"मला नाही जाणून घ्यायचं."

"का?"

ती तशीच भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाली, "मल्हार हसायला लागला होता ना, तेव्हा मला काही माहीत नव्हतं. म्हणून मीही हसले त्याच्याबरोबर. ह्याच्याबरोबर मला तेवढं तरी हसू द्या. एकदा कळलं की सगळं संपेल. मग मी त्याच्याकडे बघेन आणि मला फक्त तेच दिसेल."

त्या पोरीला जवळ घ्यावं आणि दोघींनी मिळून गळा काढावा, असं वाटलं. पण मला रडता येत नाही नीट. मी चिडते.

"तुला पाच महिन्यांचं हसू पुरतं? मला नाही पुरत. मी हावरट आहे. मला ह्याला मिसरूड फुटलेली बघायचीय. माझ्याशी उलटून बोलताना बघायचंय. बसच्या दारात लटकून कंडक्टरच्या शिव्या खाताना बघायचंय. तुला काय वाटतं, तू डोळे मिटलेस की आजार परत जाईल? मिटल्या डोळ्यांनी जे होतं ते आपण एकदा बघितलंय!"

"आणि कळूनही काही करता आलं नाही तर?" आता ती माझ्याकडे वळली. डोळे लालभडक झाले होते. "तर काय कराल, आई? सांगा ना."

"तर लढून हरू. मागच्या वेळी आपण लढलोच नाही गं. लढाई आहे हेच आपल्याला कुणी सांगितलं नाही. आता कुणीतरी दारात येऊन सांगायला तयार आहे, आणि तू कडी लावतेस?"

विहीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "पण पाचवीच्या आंदी रक्त काढाचं नसते, बाई. सटवाई येते, नशीब लिहिते लेकराचं."

"लिहू दे की! चांगलं ठसठशीत लिहू दे," मी म्हणाले. "आपण वाचायचं नाही, असं तिने कुठे सांगितलंय?"

श्रद्धाने बाळ माझ्या हातातून घेतलं, त्याचा पाय दुपट्यातून बाहेर काढला आणि ती लालचुटूक टाच कितीतरी वेळ अंगठ्याने चोळत बसली. मी पुढे एक अक्षर बोलले नाही. मला ते किती जड गेलं, ते माझ्या ओळखीच्यांनाच कळेल.

"बोलवा मिसबा सिस्टरना," ती शेवटी म्हणाली. "पण एक सांगते, आई. रिपोर्ट आला की आधी मला कळला पाहिजे. तुम्हाला नाही, ह्यांना नाही. मला."

मिसबा आली. टाच कोमट कापडाने शेकली, टोचली. पोरगं असं किंचाळलं की मला बरं वाटलं, दम आहे म्हणून. कागदावर रक्ताची वर्तुळं भरली. ती ट्रे उचलून निघाली तर पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "आमच्या बाळाचं पण घ्या." तिच्या सासूने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने मिटलं.

दोनच दिवसांनी फोन आला, तेव्हा आम्ही घरी होतो. श्रद्धाने उचलला. नुसतं "हो... हो... कधी येऊ?" एवढंच बोलली. फोन ठेवून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यालाही तेच आहे."

मला वाटलं, आता ही कोसळणार. मी पदर खोचून तयारच होते तिला सावरायला. ती उठली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि बाळाला पाजायला घेतलं.

दुसऱ्या मोठ्या तपासणीतही तेच निघालं. त्या दिवशी मॅडमच्या खोलीत आरोग्य खात्याचे एक साहेब बसले होते. हा प्रयोग पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते ठरवायला आले होते. मॅडमनी आमची ओळख करून दिली. साहेब भले होते, आवाजात सहानुभूती होती. म्हणाले, "फार वाईट वाटलं. पण आजी, हा आजार तसा अत्यंत दुर्मीळ आहे. सगळ्या दवाखान्यांतून, सगळ्या बाळांची तपासणी करायची म्हणजे..."

"दुर्मीळ?" मी म्हणाले. "माझ्या घरात दोनदा झालाय, साहेब."

"तसं नव्हे, लाखाच्या हिशेबात..."

"लाखाच्या हिशेबात माझा मल्हार कुठे बसतो, ते मला दाखवा. सापडत नाही ना? तपासलंच नाही, तर सापडणार कसा? पोरं न्यूमोनियाने गेली, जुलाबाने गेली असं लिहायचं आणि आजार दुर्मीळ म्हणून मोकळं व्हायचं. त्या मोठ्या हॉस्पिटलात पैसेवाल्यांची बाळं तपासून मिळतात. मग पालिकेच्या खाटेवर जन्मलेल्याच्या टाचेत काय पाणी असतं?"

शुभंकर माझा हात ओढत होता. साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं वरपर्यंत पोचवतो. बघू."

तेव्हा श्रद्धा बोलली. तोवर ती कोपऱ्यात बाळाला घेऊन बसली होती, तोंडाला मास्क. "बघू म्हणू नका," ती म्हणाली. "मीपण बघू म्हणत होते. माझा मुलगा ह्या मॅडमना सापडला म्हणून आज माझ्या मांडीवर आहे. हे बंद केलंत, तर पुढच्या आईला काय सांगाल ते आत्ताच ठरवून ठेवा." बंद होणार की चालू राहणार, ते अजून कळलेलं नाही. मी दर सोमवारी साहेबांच्या ऑफिसात जाऊन विचारते. शिपाई मला बघितलं की पंखा लावतो.

पण आमच्या घरचं सांगते. शुभंकरचा बोन मॅरो अर्धा जुळतो, तेवढ्यावर भागेल असं डॉक्टर म्हणाले. तारीख मिळेपर्यंत बाळाला जंतू लागू द्यायचे नाहीत. श्रद्धाने आतली खोली धुऊन काढली. बाळाला ती आणि शुभंकर सोडून कुणी हात लावायचा नाही, बाहेरची चप्पल जिन्यातच. पाचवीची पूजा विहीणबाईंनी जिन्यातल्या कोनाड्यात केली. बारसं नाही, असं श्रद्धाने सगळ्यांना कळवलं.

कळवून ऐकतील ते आपले नातेवाईक कसले? बाराव्या दिवशी सकाळी जिन्यात ही गर्दी! झबली, वाळे, पेढे. "नुसतं लांबून बघून जातो." "आम्ही काय परके आहोत?" माझी मुलगी उत्कर्षा कोथरूडहून आलेली. बाळाची आत्या ना ती, नाव ठेवायचा मान तिचा.

मी जिन्याच्या मधोमध उभी राहिले. "पेढे खाली ठेवा, पाय वर नको. ज्याला लेकराची माया असेल तो मागे फिरेल." तासभर घसा फोडला. जिना झाडला नव्हता, त्यात एवढे पाय वाजलेले. एकेक करत सगळे गेले, उत्कर्षा तेवढी राहिली. मी घाम पुसत वर आले, आमच्या दारात उभी राहिले आणि मला ठसका लागला. एकदा, दोनदा.

श्रद्धा दारात आली. तिने एक हात चौकटीवर ठेवला.

"आई, तुम्ही खोकलात."

"धूळ गेली गं घशात."

"असेल. पण नक्की माहीत नाही ना? तुम्ही आत यायचं नाही."

"अगं, घर माझं आहे!"

"हो. पण आत तो आहे."

"ह्याच्यासाठी मी त्या रांगेत..."

"म्हणूनच सांगते. तुम्हीच मला डोळे उघडायला लावलेत ना? आता मला सगळ्यात आधी धोका दिसतो, तुमच्यातसुद्धा. तुम्ही ताईंकडे कोथरूडला जा. तुम्हाला काही नाही, असं डॉक्टर म्हणाले की मग या." तिचा चौकटीवरचा हात हलला नाही. "ताई, नाव तिथूनच सांगा. त्याच्या कानात मी सांगते."

उत्कर्षाला हुंदका फुटला. मग मीच ओरडले, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं.

"अभय!"

आतून श्रद्धाचा आवाज आला, अगदी हळू. "कुर्रर्र... अभय." आणि कडी लागली.

माझ्याच घरातून मला काढलं हो सुनेने! एवढा अपमान मला आयुष्यात कुणी केला नव्हता, आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि आनंदाने छाती फुटेल असं वाटत होतं. उत्कर्षाचा हात धरून मी जिना उतरत होते आणि एकच म्हणत होते, शाब्बास गं पोरी. कुणालाच घेऊ नकोस आत. मलासुद्धा नाही.